हायब्रीडचा जादा पैसा कोल्हापुरात फिटतो का?

हायब्रीड गाडी घ्यावी का, या प्रश्नाचे उत्तर शोरूममध्ये मिळणे कठीण, कारण तेथे एकच आकडा पुढे केला जातो: लीटरला २७.९७ किलोमीटर. मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची हायरायडर या २०२२ मध्ये आलेल्या दोन गाड्यांच्या स्ट्राँग हायब्रीड प्रकाराचा हा प्रमाणित आकडा आहे आणि तो खोटा मुळीच नाही. मात्र तो प्रयोगशाळेत, गाडी रोलरवर ठेवून, एसी बंद ठेवून, ठरलेल्या क्रमाने वेग कमी-जास्त करून काढलेला असतो. दाभोळकर कॉर्नरला मे महिन्याच्या दुपारी चारही काचा बंद करून थांबलेल्या गाडीचा तो आकडा नव्हे. शिवाय लीटरला किती किलोमीटर, एवढ्यावरून पैशांचा हिशेब होत नाही. त्यासाठी वर्षाला किती किलोमीटर, कोणत्या रस्त्यावर, आणि कोणत्या गाडीच्या तुलनेत, या तीन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात. माझे मत सुरुवातीलाच सांगतो: कोल्हापूर शहरात राहून नेहमीसारखी गाडी वापरणाऱ्या बहुतेक कुटुंबांचा हायब्रीडवरचा जादा पैसा वाजवी मुदतीत फिटत नाही, पण ज्यांचा फिटतो त्यांचा अगदी स्वच्छ फिटतो, आणि आपण कोणत्या गटात बसतो हे कागदावर अर्ध्या तासात कळू शकते.

आधी एक घोटाळा दूर केला पाहिजे. हायब्रीड या एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. माइल्ड हायब्रीडमध्ये, ज्याला मारुती स्मार्ट हायब्रीड म्हणते, पट्ट्यावर चालणारा स्टार्टर-जनरेटर आणि एक छोटी बॅटरी असते. ती इंजिनाला थोडा हात देते, सिग्नलला इंजिन बंद-चालू करते, पण केवळ विजेवर चाके फिरवू शकत नाही. तिच्यासाठी वेगळे पैसेही फारसे मोजावे लागत नाहीत, त्यामुळे तिचा हिशेब मांडण्याचे कारण नाही. या लेखात हायब्रीड म्हणजे स्ट्राँग हायब्रीड, म्हणजे जी गाडी कमी वेगात इंजिन पूर्ण बंद ठेवून मोटरवर चालू शकते ती. हायरायडर आणि ग्रँड व्हिटाराशिवाय होंडा सिटीचा हायब्रीड प्रकार, इनोव्हा हायक्रॉस आणि मारुतीची इन्व्हिक्टो ही तिची आपल्याकडची ओळखीची उदाहरणे. तिला चार्जिंगची सोय लागत नाही; सगळी वीज शेवटी पेट्रोलपासूनच येते. हे विधान किरकोळ वाटले तरी पुढचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे, कारण हायब्रीड फुकटची ऊर्जा कुठूनही आणत नाही, फक्त वाया जाणारी काही वाचवते. म्हणून जेथे मुळात ऊर्जा वाया जास्त जाते तेथेच ती जास्त वाचवणार.

शहरात ऊर्जा वाया जाते. व्हीनस कॉर्नरपासून शिवाजी चौकापर्यंत जाताना साधी पेट्रोल गाडी वेग घेते, ब्रेक लावून तो वेग उष्णतेत घालवते, मग उभी राहून नुसतेच पेट्रोल जाळते. हायब्रीड ब्रेक लावताना मोटरला जनरेटर बनवून त्या वेगातला काही भाग बॅटरीत परत घेते, उभी असताना इंजिन बंद ठेवते आणि रांगेत पुढे सरकताना मोटरवर सरकते. पण पुणे-बंगळूर महामार्गावर नव्वदच्या वेगाने सलग जाणाऱ्या गाडीला ब्रेकच लागत नाही. तेथे शक्ती खर्च होते ती हवेला मागे सारण्यात, आणि हवा काही हायब्रीडला सवलत देत नाही. महामार्गावर हायब्रीडचा जो थोडाफार फायदा दिसतो तो मुख्यतः तिच्या इंजिनाचा असतो, कारण ते ॲटकिन्सन चक्रावर चालते आणि साध्या इंजिनापेक्षा इंधनाचा काटकसरीने उपयोग करते.

आता आकडे. कोल्हापुरात पेट्रोल लीटरला १०५ रुपये धरतो. त्याच वर्गातली ऑटोमॅटिक पेट्रोल गाडी एसी लावून शहरात १३ आणि महामार्गावर १७ किलोमीटर देते, तर हायब्रीड शहरात २१ आणि महामार्गावर २० देते, असे धरतो. हे आकडे कंपनीचे नाहीत. ओळखीच्या गाडीमालकांकडून ऐकलेल्या ॲव्हरेजवरून, आणि ऐकलेल्या ॲव्हरेजमधून थोडा अभिमान वजा करून, मी ठरवलेले आहेत. त्यानुसार शहरात पेट्रोल गाडीचा खर्च किलोमीटरला ८ रुपये ८ पैसे आणि हायब्रीडचा ५ रुपये येतो. बचत ३ रुपये ८ पैसे. महामार्गावर हेच ६ रुपये १८ पैसे आणि ५ रुपये २५ पैसे होतात. बचत ९३ पैसे. एका किलोमीटरमागे शहरात तीन रुपये आणि महामार्गावर रुपयाहूनही कमी, हा फरक एकदा लक्षात घेतला की बाकीचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात. कोल्हापूरहून पुण्याला जाऊन परत येणे साधारण ४६० किलोमीटरचे. त्यात हायब्रीड सव्वाचारशे रुपयांच्या आसपास वाचवते, म्हणजे वाटेत दोघांनी जेवायला थांबावे तेवढेच.

दुसऱ्या बाजूला जादा किंमत. येथे दोन्ही पक्ष लबाडी करतात. हायब्रीडच्या विरोधात बोलणारा माणूस तिची तुलना त्याच गाडीच्या सर्वांत स्वस्त, हाताने गिअर टाकायच्या प्रकाराशी करतो आणि पाच-सहा लाखांचा फरक दाखवतो. विक्रेता तिची तुलना सगळ्यांत वरच्या पेट्रोल ऑटोमॅटिकशी करतो आणि फरक अगदीच किरकोळ असल्याचे भासवतो. हायब्रीडला गिअरचा दांडा हाताने टाकायचा प्रकारच नसतो, आणि ती सहसा मधल्या किंवा वरच्या प्रकारांतच मिळते; म्हणून तुलना शक्य तितक्या त्याच सोयी असलेल्या ऑटोमॅटिकशी करणे न्याय्य. पण त्याला एक अट आहे, आणि ती फक्त ग्राहकालाच माहीत असते: तुम्ही खरोखरच ऑटोमॅटिक घेणार होता का? जो माणूस एरवी मॅन्युअलच घेणार होता आणि ज्याला सनरूफ नको होते, त्याच्यासाठी जादा किंमत मॅन्युअलपासून मोजली पाहिजे, आणि मॅन्युअल ॲव्हरेजही सहसा थोडे बरे देते, त्यामुळे त्याचा हिशेब दोन्ही बाजूंनी बिघडतो.

समान सोयींच्या दोन गाड्यांत शोरूम किमतीचा फरक दोन लाख धरू. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के रोड टॅक्स आहे आणि हायब्रीडलाही तो तसाच भरावा लागतो, म्हणजे त्या दोन लाखांवर आणखी २४ हजार. विम्याची वाढीव रक्कम धरून फरक सुमारे २ लाख ३० हजारांवर जातो. (विम्याच्या बाबतीत सरकारने हायब्रीडवर एक मेहेरबानी केली आहे: २०२२ च्या दरपत्रकात तृतीय पक्ष विम्यावर तिला साडेसात टक्के सवलत आहे. दीड हजार सीसीपर्यंतच्या गाडीचा तो वार्षिक हप्ता ३,४१६ रुपये असल्याने सवलत सुमारे २५६ रुपयांची होते. पेट्रोलच्या अडीच लीटरला थोडी कमीच.) उत्तर प्रदेशाने २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रीडचा नोंदणी कर माफ केला, तेव्हा आपल्याकडेही तसे होईल अशी चर्चा अनेकांनी केली, पण शेजाऱ्याच्या करमाफीने आपल्या गाडीची किंमत कमी होत नाही.

जीएसटीबद्दलही एक गैरसमज आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर बदलले तेव्हा हायब्रीड स्वस्त झाली, अशी जाहिरात झाली आणि ती खरीच होती: या आकाराच्या हायब्रीडवरचा एकूण कर ४३ टक्क्यांवरून ४० टक्के झाला. पण तिच्याच शेजारी उभी असलेली, चार मीटरहून लांब आणि दीड लीटर इंजिनाची पेट्रोल गाडी त्याआधी ४५ टक्के कर भरत होती, तीही ४० टक्क्यांवर आली. म्हणजे दोघींमध्ये हायब्रीडला असलेली दोन टक्क्यांची अनुकूलता त्या दिवशी संपली. चार मीटरच्या आतल्या लहान पेट्रोल गाड्या १८ टक्क्यांवर आणि विजेच्या गाड्या पूर्वीप्रमाणेच ५ टक्क्यांवर आहेत. त्यामुळे हायब्रीड आज दोन स्वस्त पर्यायांच्या मधोमध, करसवलतीशिवाय उभी आहे.

माझ्या दाजींनी हा विषय काढला तेव्हा त्यांनी मला विचारलेला प्रश्न कोल्हापुरातला प्रत्येक माणूस विचारतो तोच होता: "गाडी किती देती?" मी त्यांना विचारले, "दाजी, तुम्ही गाडीला किती देता ते आधी सांगा." ते राजारामपुरीत राहतात आणि कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नोकरीला आहेत. रोजचे जाणे-येणे चाळीस किलोमीटरच्या आसपास, आणि त्यातला बहुतेक भाग महामार्गाचा. चाळीस किलोमीटर म्हटले की हायब्रीड परवडणारच, असे त्यांना शोरूममध्ये पटवले होते. आम्ही टेबलावर वहीचा कागद घेऊन बसलो. २ लाख ३० हजारांचे जादा कर्ज, व्याज ९ टक्के, मुदत सात वर्षे: केवळ हायब्रीडपणाचा मासिक हप्ता ३,७०० रुपये. त्याच्या समोर महिन्याला एक हजार किलोमीटर महामार्ग, प्रत्येकी ९३ पैसे: ९३० रुपये. रविवारी रंकाळ्यावर, महाद्वार रोडला आणि मुलीच्या क्लासला जाण्याचे दोनशे किलोमीटर शहरातले धरले तर आणखी ६१६. एकूण दीड हजार. दाजींनी कागद दोनदा उलटसुलट करून पाहिला आणि पहिली शंका काढली ती बरोबर होती: महामार्गाच्या सहापदरीकरणामुळे आजकाल तेथेही गाडी सलग पळत नाही, मग तो रस्ता शहरासारखाच धरायला नको का? काही अंशी धरावा लागेल. मात्र सात वर्षांचा हप्ता रस्त्याच्या रखडलेल्या कामाच्या भरवशावर घेणे म्हणजे ते काम सात वर्षे रखडेल अशी पैज लावणे होय. अर्थात, अशी पैज हरण्याचीच शक्यता जास्त, असे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

या हप्त्याला उलटे केले तर मोजमाप हाती येते. ३,७०० रुपये नुसत्या शहरी बचतीतून भरून काढायचे तर महिन्याला बाराशे किलोमीटर शहरात फिरले पाहिजे, म्हणजे रोज चाळीस. कोल्हापूर महापालिकेचे क्षेत्रच सुमारे ६७ चौरस किलोमीटर आहे. शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला आठ-दहा किलोमीटर पुरतात. येथे रोज चाळीस किलोमीटर शहरातच फिरणारा माणूस एकतर धंद्यासाठी फिरतो किंवा पार्किंग शोधत फिरतो. मुंबईत अंधेरीहून फोर्टला जाणाऱ्याचा किंवा पुण्यात हिंजवडी गाठणाऱ्याचा हिशेब म्हणूनच आपल्याला लागू पडत नाही, आणि यूट्यूबवरचे बहुतेक हिशेब त्यांचेच असतात.

याउलट औषध कंपनीच्या प्रतिनिधीचे उदाहरण घ्या, जो सकाळी कोल्हापुरातले दवाखाने उरकून हातकणंगले, जयसिंगपूर करत सांगलीला जातो किंवा इचलकरंजीत दिवस घालवतो. त्याचे महिन्याला दोन हजार किलोमीटर सहज होतात, आणि त्या रस्त्यांवर गावे इतकी लागून आहेत की निम्मे अंतर शहरासारखेच जाते. त्याची बचत चार हजारांपर्यंत येते, हप्ता वसूल होतो आणि सात वर्षांनंतर गाडी त्याला फायद्यातच चालते. वर्षाला वीस हजार किलोमीटर आणि त्यातले सत्तर टक्के गर्दीतले असतील तर बचत ४८,७०० रुपये, म्हणजे रोखीने घेतल्यास पाच वर्षांच्या आत पैसे मोकळे. वर्षाला दहा हजार आणि त्यातले साठ टक्के शहरातले, असा जो सर्वसाधारण कौटुंबिक वापर असतो, त्यात बचत २२,२०० रुपये आणि मुदत दहा वर्षांहून अधिक. रोखीने घेणाऱ्यानेही व्याज विसरू नये. तेच २ लाख ३० हजार साडेसहा टक्क्यांनी ठेवीत राहिले असते तर वर्षाला पंधरा हजारांच्या जवळपास मिळाले असते, आणि शहरातले पहिले पाच हजार किलोमीटर केवळ ते व्याज भरून काढण्यातच जातात.

पेट्रोल आणखी महागले तर काय, असे विचारले जाते. लीटर ११५ रुपये झाला तर शहरातली बचत किलोमीटरला ३ रुपये ३७ पैसे होते, म्हणजे २९ पैशांनी वाढते. भाववाढीच्या भीतीने गाडी बदलण्याइतका हा फरक नाही. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा प्रश्न आपल्या जिल्ह्यात नाजूक आहे, कारण ते इथेनॉल आपल्याच उसातून येते. पण इथेनॉलमध्ये लीटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते हेही खरे. त्यामुळे दोन्ही गाड्यांचे ॲव्हरेज थोडे उतरते, आणि हायब्रीडची बचत रुपयांत किंचित वाढतेच. हिशेब पालटेल असे यात काही नाही. आधीच चांगले ॲव्हरेज देणारी लहान गाडी वापरणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दहा हजार किलोमीटरमागे ॲव्हरेज १० वरून १५ झाले तर ३३३ लीटर वाचतात. २० वरून २५ झाले तर शंभरच. दोन्हीकडे वाढ पाचचीच, पण खिशाला जाणवणारी पहिली. म्हणूनच जड, सात आसनी गाडीत हायब्रीडचा पैसा लवकर फिटतो. इनोव्हा हायक्रॉसच्या साध्या पेट्रोल प्रकाराचा प्रमाणित आकडा १६.१३ आहे आणि हायब्रीडचा २३.२४. जोतिबा, पन्हाळा, नरसोबाची वाडी अशा फेऱ्या घेणाऱ्या मोठ्या कुटुंबाला किंवा प्रवासी व्यवसायाला तेथे विचार करण्यासारखे काही आहे.

घाटाबद्दल फार भाबड्या अपेक्षा ऐकू येतात. गगनबावड्याकडून कोकणात उतरताना बॅटरी भरून घ्यायची आणि पुढे फुकट जायचे, असे काहींना वाटते. सगळी माणसे धरून साडेपंधराशे किलोची गाडी पाचशे मीटर खाली उतरली तर सुमारे दोन युनिट ऊर्जा मोकळी होते. ग्रँड व्हिटाराची हायब्रीड बॅटरी पाऊण युनिटची, नेमके सांगायचे तर ०.७६ किलोवॉट-तासाची आहे, आणि ती पूर्ण रिकामी किंवा पूर्ण भरलेली अशी कधीच वापरली जात नाही. घाटाची पहिली काही वळणे उतरेपर्यंत तिचा काटा वर जाऊन थांबतो. त्यानंतर गाडी इंजिन नुसते फिरवून वेग आवरते. त्या आवाजाने दचकून काही लोक गाडी बाजूला घेतात. बिघाड काही नसतो, साठवायला जागा संपलेली असते. अगदी छोट्या फेऱ्यांतही हायब्रीड अपेक्षेपेक्षा कमी देते, कारण थंड इंजिन तापवण्यासाठी ते सुरूच ठेवावे लागते, आणि मंगळवार पेठेतून भाजी मंडईपर्यंतची फेरी तेवढ्यातच संपते.

दुरुस्तीच्या खर्चाची धास्ती जरा जास्तच घेतली जाते. टोयोटाच्या पद्धतीत वेगळा स्टार्टर नसतो, अल्टरनेटर नसतो, क्लच प्लेट नसते, आणि ब्रेकचे काम मोटर वाटून घेत असल्याने ब्रेक पॅड दीर्घकाळ टिकतात. बॅटरीला आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी आहे. काळजी आहे ती वॉरंटी संपल्यानंतरची. उद्यमनगरात ऑईल इंजिनापासून साखर कारखान्याच्या सुट्या भागापर्यंत काहीही लेथवर तयार होते, हा आपला सार्थ अभिमान आहे. पण नारिंगी रंगाच्या उच्चदाबाच्या वायरला हात लावण्याचे साधन आणि प्रशिक्षण अजून सगळ्या फिटरांकडे नाही, आणि बॅटरीची वीज मोटरसाठी बदलून देणारा इन्व्हर्टर लेथवर कातता येत नाही. म्हणजे आठ वर्षांनंतरही कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच जावे लागणार आणि तेथील दर द्यावे लागणार. गाडी घेतानाच त्या सेंटरकडून बॅटरी आणि इन्व्हर्टरची आजची किंमत लेखी मागून पाहावी.

पुराचा मुद्दा शोरूममध्ये कोणी काढत नाही, पण २०१९ आणि २०२१ पाहिलेल्या शहराने तो काढलाच पाहिजे. पंचगंगा ४३ फुटांची धोका पातळी ओलांडते तेव्हा कोणत्या गल्लीत पाणी येते हे ज्याचे त्याला माहीत असते. हायरायडर आणि ग्रँड व्हिटाराची बॅटरी मागच्या बाजूला, डिकीच्या तळाशी असते. ग्रँड व्हिटाराची डिकी त्यामुळेच ३७३ लीटरवरून २६५ लीटरवर येते. तेथे पाणी शिरले तर नुकसान साध्या गाडीपेक्षा बरेच मोठे. विमा घेताना इंजिन संरक्षणाच्या पुरवणीत हायब्रीड यंत्रणा आणि बॅटरी स्पष्ट शब्दांत येते का, हे पॉलिसीच्या कागदावर वाचावे. एजंटाच्या "सगळं कव्हर आहे"वर थांबू नये.

सीएनजी आणि विजेच्या गाडीशी तुलना थोडक्यात आटोपते. किलोला ९० रुपये आणि २३ किलोमीटर धरले तर सीएनजीचा खर्च किलोमीटरला चार रुपयांच्या आत राहतो, जादा किंमत हायब्रीडच्या निम्म्यापर्यंत असते आणि राज्यात तिचा रोड टॅक्सही पेट्रोलपेक्षा कमी आहे. पैसा हाच एकमेव निकष असेल तर ती हायब्रीडला हरवते, फक्त पंपावरची रांग आणि डिकीतली टाकी सोसावी लागते. स्वतःचे पार्किंग आणि छतावर सोलर असलेल्या, मुख्यतः जिल्ह्यातच फिरणाऱ्या माणसाने विजेचीच गाडी पाहावी. हायब्रीड मग उरते ती चार्जिंगची कटकट नको, टाकी नको, ऑटोमॅटिक हवी आणि फिरणे भरपूर, अशा ग्राहकासाठी. गर्दीतली शांतता आणि गुळगुळीत चाल यांचे मोल ज्याला आहे त्याने ते खुशाल मोजावे, पण ते पेट्रोलच्या बचतीच्या खात्यात लिहू नये.

दाजींना मी शेवटी जुन्या बाजारात पाहायला सांगितले आहे. २०२२-२३ मधल्या हायब्रीड आता विक्रीला दिसू लागल्या आहेत. नव्या गाडीवरच्या जादा किमतीचा आणि करांचा मोठा भाग पहिल्या मालकाने सोसलेला असतो, आणि बॅटरीच्या वॉरंटीची काही वर्षे शिल्लक असतात. पेट्रोल आणि हायब्रीड यांच्या जुन्या किमतीतला फरक लाखाच्या आसपास मिळाला, तर त्यांच्या कागलच्या फेऱ्यांतूनही पाच-सहा वर्षांत तो निघतो. ती वॉरंटी दुसऱ्या मालकाला लागू आहे का ते कंपनीकडून लेखी घ्यायचे, सर्व्हिसच्या नोंदी मागायच्या, बॅटरीला थंड हवा पुरवणारी जाळी कुत्र्याच्या केसांनी किंवा धुळीने भरलेली नाही ना ते मागचा दरवाजा उघडून पाहायचे, आणि गाडी कोणत्या पिन कोडची आहे, म्हणजे ती २०२१ नंतरच्या एखाद्या पावसाळ्यात कुठे उभी होती, याचीही चौकशी करायची.